तळावर माणूस पाहिजे

मार्चमधला शेवटचा रविवार. ठिकाण, माण तालुक्यातला आमचा माळ, दहिवडीपासून बराच आत. हजर: मी, माझे यजमान, आमची लेक, पुण्याच्या कॉलेजातून दोन दिवसांची सुट्टी काढून आलेली, यजमानांचा चुलत भाऊ, त्याची मेंढरं आणि कुत्री, शिवाय एक टेम्पोवाला. गैरहजर कुणी नाही. ज्यांच्यासाठी जमलो होतो ते माझे सासरे तिथेच होते, बाभळीच्या पलीकडे, अडीच वर्षांपासून मातीखाली.

काम एकच होतं. आमच्यात माणसाला पुरतात. वर्ष झालं की थोरल्या मुलाने डोक्याशी एक उभा दगड बसवायचा, स्वतःच्या हाताने. दुसऱ्याने बसवलेला चालत नाही. सासऱ्यांना मुलगा एकच, तो वर्षभरानंतर आला नाही, दोन वर्षांनी आला नाही. चुलत दिराने ओढ्यातून चांगला लांबट काळा दगड निवडून आणून बाभळीला टेकवून ठेवला होता. त्याच्या बुडाशी गवत उगवून, वाळून, पुन्हा उगवलं होतं.

मी सांगलीहून येताना पहार, फावडं, नारळ, हळदकुंकू, नैवेद्याच्या पोळ्या आणि पाण्याचे दोन कॅन आणले होते. यजमान कोचीहून थेट आले. दहिवडीत भाड्याने केलेल्या टेम्पोत बोटीचा नांगर होता आणि त्याची साखळी. बाकी बोट त्यांनी विकली. नांगर तेवढा ठेवून घेतला होता आणि त्याला रुपेरी रंग दिला होता.

माणमधल्या माणसाचं बोटीशी काय काम, असं मला आजवर सगळ्यांनी विचारलेलं आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते.

यजमान नौदलात होते, जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत. पेन्शन घेऊन बाहेर पडले तेव्हा आम्ही कोचीत भाड्याच्या घरात राहत होतो आणि लेक सातवीत होती. त्यांच्याबरोबरचे बाकीचे लोक गावी गेले. कुणी विहीर खोदली, कुणी डाळिंब लावलं, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. यांनी शिडाची बोट घेतली. एका परदेशी जोडप्याची होती. नवरा आजारी पडला म्हणून ती दोघं विमानाने परत गेली, बोट मागे राहिली आणि दोन पावसाळ्यांत हिरवी झाली. यांनी ती घासली, इंजिन उघडून पुन्हा जोडलं आणि मला म्हणाले, "घरभाडं कशाला द्यायचं? हितंच ऱ्हाऊ."

मी एक कागद घेऊन दोन बाजू मांडल्या. एका बाजूला वाचणारं भाडं. दुसऱ्या बाजूला लेकीची शाळा, गॅस, संडास, साप येतात का, आणि मला पोहता येत नाही. यजमानांनी सगळं वाचलं आणि पोहण्यासमोर लिहिलं, 'शिकशील'. मी शिकले नाही.

कोचीच्या बंदरात बेटांच्या आडोशाला एक शांत पाणी आहे. तिथे जगभरच्या शिडाच्या बोटी नांगर टाकून राहतात. पावसाळा संपला की यायच्या, उन्हाळा तापायच्या आत निघून जायच्या. बारा महिने राहणारी आमची एकच. परदेशी लोक कॉफीला बोलवायचे. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी सुतार, कुणी नुसतेच. त्यांच्या बोटीवर मुलं असायची, सोनेरी केसांची, उघडीवाघडी, डोलकाठीवर चढणारी. त्यांची सहल चालली होती. आमचा संसार चालला होता. दोन्ही बोटी लांबून सारख्याच दिसायच्या.

आत एकच खोली म्हणता येईल अशी जागा. जेवायचं टेबल खाली केलं की पलंग व्हायचा. पुढच्या टोकाला निमुळती झोपायची जागा, ती लेकीची. ज्वारीचं पीठ दमट हवेत आठवड्यात कडू व्हायचं, म्हणून थोडं थोडं आणायचं. भाकरी थापताना बाजूने लाँच गेली की परात सरकायची. मी पायाने परात दाबून धरायला शिकले. पाण्याचे कॅन छोट्या होडीतून धक्क्यावरच्या नळावर न्यायचे, भरून आणायचे, दोरीने वर ओढायचे. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी पायपुसण्याला. हे मला तिथे कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी शिकवलं होतं, गावात टँकर येण्याच्या दिवसांत. चारी बाजूंनी पाणी असलेल्या जागी मी माणदेशासारखी राहत होते.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. मामांनी उभं आयुष्य मेंढरांमागे काढलेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे, पावसाच्या तोंडाला परत यायचे. पाय म्हणजे चामड्याचे जोडेच, काटा मोडायचा पण आत जायचा नाही. सासूबाईंच्या मागे ते एकटे पडले म्हणून यजमान गावी गेले आणि म्हणाले, "आबा, येका पावसाळ्यापुरतं चला. मेंढरं अर्धलीवर द्या. दिवाळीला मी सोता आणून सोडतो."

अर्धलीवर म्हणजे चुलत दिराने सांभाळायची आणि होणाऱ्या कोकरांतली निम्मी मामांची. मामा तयार झाले. एका पावसाळ्यापुरतं, हे त्यांनी चुलत दिराला माझ्यासमोर दोनदा सांगितलं. "दिवाळीला येतो. काळ्या नाकाची इकू नगं."

बोटीवर आले तेव्हा हातात काठी, खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका. चढल्या चढल्या पुढच्या टोकाला जाऊन वाकून पाण्यात बघितलं.

"पोरी, हिला दावं कुठं बांधलंय?"

"खाली नांगर आहे, मामा. चिखलात रुतलाय."

"दिसत न्हाई की."

"दिसत नाहीच तो."

"मंग माणसानं निजायचं कसं?"

त्यांना आतल्या जागेत सरळ उभं राहता येत नव्हतं. ते बाहेर ताडपत्रीखाली झोपायचे. संडासचा पंप हाताने मारावा लागायचा, तो मारताना सगळ्यांना ऐकू जायचा, म्हणून ते पहाटे सगळे उठायच्या आत उरकून घ्यायचे. दिवसभर करायचं काय? चालायची सवय असलेला माणूस. ते बोटीच्या कडेने गोल फिरायचे, एक हात तारेवर ठेवून. पुढून मागे, मागून पुढे. संध्याकाळी आसपासच्या बोटी मोजायचे, कळप वाड्यात घेताना मोजावा तशा. "आज येक कमी हाय गं." मग मी सांगायचे, ती पिवळी बोट गेली, श्रीलंकेला.

"ही मानसं निघाल्यात तरी कुठं?"

"जगाची फेरी मारायला."

"आन् मेंढरं कुणी बघायची?"

"त्यांच्याकडे मेंढरं नाहीत, मामा."

त्यांनी पुन्हा एकदा सगळ्या बोटींवरून नजर फिरवली. "मंग चालल्यात कशापायी?"

लेक त्या दिवशी हसून हसून खाली बसली. पुढे कितीतरी दिवस घरात कुणी उगाच बाहेर निघालं की ती विचारायची, "मेंढरं कुठायत?"

आता मूळ गोष्ट. नांगर टाकलेली बोट एकटी सोडता येत नाही. वारा फिरतो, ओहोटीला साखळी ताणते, दुसरी बोट येऊन घासते. बोटीवर जाणतं माणूस हवं. यजमान इंजिनं दुरुस्त करायला दिवसदिवस बाहेर असायचे. मी एका शाळेच्या भांडारात सामानाची नोंद ठेवायला जायचे. लेक शाळेत. आधी आम्ही पाळ्या लावून कसंबसं भागवत होतो. मामा आले आणि प्रश्न सुटला. मामांना ते समजावून सांगावंसुद्धा लागलं नाही. मेंढकीचा पहिला नियम तोच, तळावर माणूस पाहिजे. लग्न असो, मयत असो, मेंढरं जिथे बसवली आहेत तिथून शेवटचं माणूस हलत नाही. मामा स्वतःच्या सख्ख्या भावाच्या मातीला गेले नव्हते. ते तेव्हा कोकणात तळावर एकटे होते. यजमान हे अभिमानाने सगळ्यांना सांगायचे, परदेशी लोकांनासुद्धा, इंग्रजीतून.

दिवाळी आली. यजमान म्हणाले, "आत्ताच तर सीझन चालू झालाय. चार बोटींची कामं हायत. मी तुमाला सोडाय गेलो तर बोटीवर कोण?"

मी म्हटलं, "मी नेते त्यांना."

"तू सुट्टी घेणार, पोरीची परीक्षा. आन् बोटीवर कोण?"

बोटीवर मामा. मामांना घरी न्यायचं तर बोटीवर मामा पाहिजेत. मी हे त्यांना असंच सांगितलं. ते म्हणाले, "तुला सगळं उलटंच दिसतं." मामा बाजूलाच बसले होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. उन्हाळ्यात जाऊ."

उन्हाळ्यात शीड फाटलं. त्यानंतर पावसाळ्यात तर बोट सोडायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवाळीला एक वार्ताहर आला. पाण्यावर राहणारं मराठी कुटुंब, म्हणून फोटो काढले. एका फोटोत मामा सुकाणूपाशी, पटका बांधलेला, मागे सूर्य. माझ्या भावाने तो सांगलीतल्या सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर पाठवला. गावाकडून चुलत दिराचा मामांना फोन आला, "आप्पा, तुमी तर राजावाणी दिसताय. कशाला येताय आता हितं धुराळ्यात?" मामांनी विचारलं, "काळ्या नाकाची कशी हाय?"  तो म्हणाला, "हाय की, बरी हाय." ती आदल्या उन्हाळ्यातच मेली होती. मला त्याने नंतर सांगितलं.

त्यानंतर मामा फार विचारायचे नाहीत. एकदा त्यांना धक्क्यावर नेलं. सवयीने अनवाणी उतरले, खडीवर चार पावलं टाकली आणि थांबले. पायांची कातडी मऊ पडली होती, लेकराच्या पायासारखी. त्यांनी एक पाय उचलून तळवा बघितला, दुसरा बघितला.  मी त्यांच्यासाठी रबरी चपला घेतल्या. त्यांना त्या घालून चालायची लाज वाटायची.

तिसरा पावसाळा. लेक अकरावीत. नद्यांना पूर आला की वरून जलपर्णीचे थरच्या थर बंदरात उतरतात. जलपर्णी मला सांगलीतल्या कृष्णेच्या घाटावरून माहीत होती, पण तिथे ती काठाला पडून असते. इथे ती चालत येते, शेतच्या शेत, वर जांभळी फुलं. साखळीत अडकते, मागची येऊन तिच्यावर चढते, आणि ओहोटीला ते सगळं ओझं बोटीला ओढत नेतं. दर पावसाळ्यात यजमान आणि मामा बांबूने ती बाजूला सारायचे. दोघांना मिळून जेमतेम जमायचं.

त्या दिवशी यजमान एक बोट पोहोचवायला दुसऱ्या बंदरात गेले होते. जाताना मामांना म्हणाले, "आबा, मी येईस्तवर उतरायचं न्हाई. काय बी झालं तरी." मी कामावर, लेक कॉलेजात. दुपारी शाळेच्या शिपायाने येऊन सांगितलं, तुमची बोट सुटली आहे.

सुटली नव्हती. नांगर चिखलातून घसरत होता आणि बोट जलपर्णीसकट जुन्या पडक्या धक्क्याच्या खांबांकडे चालली होती. मी मासे धरणाऱ्या एका माणसाच्या होडीतून पोहोचले. त्याच्याआधी दोन होड्या मामांना उतरवायला जाऊन आल्या होत्या. पाऊस उभा कोसळत होता. मामा सकाळपासून एकटे बांबूने जलपर्णी ढकलत होते. लोक हात पुढे करून मल्याळममधून ओरडत होते, उतरा, उतरा, खांबांवर आदळेल. एकाने त्यांचा दंड धरला तेव्हा त्यांनी काय केलं? डोक्याचा पटका सोडला, कमरेभोवती आणि डोलकाठीभोवती वेढे दिले, गाठ मारली, आणि पुन्हा बांबू हातात घेतला. कुणी ओढून नेऊ नये म्हणून.

मी पोहोचले तेव्हा बोट खांबाला टेकली होती, एका बाजूला चेपली होती. मामा तसेच बांधलेले, उघड्या डोक्याने, थंडीने दातावर दात वाजत होते. कोळ्याने गाठ सुरीने कापली, भिजून ती सुटत नव्हती.

"बोट हाय," मला म्हणाले. "कुटं गेली न्हाई. पोरगं आलं का?"

दुसऱ्या दिवशी ताप, मग खोकला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं भरली आहेत, वय आहे, बघू. आठवड्याभराने जरा उतार पडला आणि मामा पहिल्यांदा स्वतःहून, स्पष्ट बोलले. मला नाही, मुलाला. "आता माळावर न्या मला. तिथं काय व्हायचं ते हुईल."

यजमान परत आलेले होते. बोट खांबाला घासून पाण्याखाली फुटली होती. आत पाणी येत होतं, पंप सतत चालू ठेवावा लागत होता, दर थोड्या वेळाने कचरा अडकला की हाताने काढावा लागत होता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी आलो तर बोट बुडंल. तू ने. तुला सगळं येवस्थित जमतं."

जमतं. तिकीट, खालचा बर्थ, औषधं, वाफेचं भांडं, कापडी गाद्या, डॉक्टरांचे कागद, मिरजेच्या दवाखान्यात आधीच फोन, मिरज स्टेशनवर माझा भाऊ गाडी घेऊन. सगळं जमलं. लेकीने कॉलेज बुडवलं. गाडीत मामा खिडकीकडे तोंड करून पडले होते. सकाळी घाट चढून देश लागला, पाऊस मागे राहिला, बाहेर मोकळी काळी जमीन दिसायला लागली, तेव्हा त्यांनी लेकीला विचारलं, "ह्यो कुटला मुलूख?"

"बेळगावच्या पुढं आलोय, आजोबा."

"मंग आलंच की."

मिरजेला उतरेपर्यंत श्वास लागला होता. माळ तिथून दुपारच्या आत गाठता आला असता. डॉक्टर म्हणाले, असं न्याल तर वाटेतच जातील. म्हणून दवाखान्यात ठेवलं. संध्याकाळी मी यजमानांना फोन केला आणि म्हटलं, असाल तसे निघा. ते म्हणाले, "फोन आबांच्या कानाला लाव."

मी स्पीकर लावला. पलीकडून पंपाचा आवाज येत होता.

"आबा."

मामांनी डोळे उघडले. "बोटीवर कोण हाय?"

"मी हाय, आबा. मी हितंच हाय."

"बराबर," मामा म्हणाले.

पहाटे ते गेले. यजमानांच्या मते तो शब्द म्हणजे वडिलांनी दिलेला निरोप. अजून ते तसंच सांगतात. मी त्या खाटेशेजारी उभी होते. मला तो निरोप वाटला नाही. रोज तळावर कोण आहे हे विचारणाऱ्या माणसाने शेवटचंही तेच विचारलं, एवढंच मला दिसलं. मुलाने उत्तर दिलं असतं की कुणी नाही, आबा, मी निघालोय, तर मामा काय म्हणाले असते हे कुणालाच कळणार नाही.

माळावर खड्डा खणून तयार होता. थोरल्या मुलाने पहिली मूठ माती टाकायची. चुलत दिराने टाकली. लेक म्हणाली, "मी टाकते." कुणीतरी म्हातारा म्हणाला, "पोरी, बाजूला हो." ती झाली.  यजमान तिसऱ्या दिवशी आले, पाठीवर पिशवी, हातांना ग्रीस. रडले, खूप रडले. दहाव्याचं करून परत गेले. पंपाकडे बघायला शेजारच्या एका ओळखीच्या माणसाला सांगून आले होते. म्हणजे पंप सांगता येत होता.

हे मी त्यांना त्याच दिवशी विचारलं. "आठवडाभर आधी सांगता आला नसता का त्याला?"

"त्यो तवा नव्हता गं."

असेल.  मी कोचीला परत गेले नाही. सांगलीत एका वसतिगृहाच्या भांडाराचं काम मिळालं, लेकीला तिथल्या कॉलेजात घातलं. यजमान बोटीवर राहिले. बोट नीट करायला आणि मग नीट झालेली बोट राखायला. फोनवर म्हणायचे, दगडाचं दिवाळीला बघू. उन्हाळ्यात बघू. मला ती वाक्यं पाठ होती.

आता परत रविवारवर.

टेम्पोवाल्याने आणि यजमानांनी नांगर खाली उतरवला. उन्हात तो चमकत होता, मेंढरं बुजून बाजूला झाली. यजमानांनी तो बाभळीपर्यंत ओढत आणला, मामांच्या डोक्याशी मापात ठेवून बघितला आणि कपाळ पुसत म्हणाले, "दगडाऐवजी ह्योच बसवूया. आबांनी ज्याची राखण केली ते त्यांच्याजवळ ऱ्हाऊ दे."

 चुलत दीर मानाने वागणारा माणूस आहे. तो म्हणाला, "दादा, लोखंड हाय ते. मेंढरं पाय अडकवून घ्येतील. दगुड आणलाय की मी."

"मेंढरं काय रं, कुंपण घालू."

मग लेक बोलली. ती फार बोलत नाही त्यांच्याशी. "पप्पा, तुम्ही आजोबांना मेल्यावरसुद्धा ड्यूटीवर ठेवताय."

यजमानांचा चेहरा उतरला. "मी काय हौसेनं ऱ्हायलो व्हतो का तिथं? बोट बुडाली असती."

"बुडू द्यायची."

"घर व्हतं ते आपलं."

"तुमचं होतं."

ते माझ्याकडे वळले. मी सावरून घेईन असं त्यांना वाटलं असावं. आजवर मी पुष्कळ सावरलं आहे. "सांग की हिला. आबा सोता भावाच्या मातीला गेलं न्हवतं. त्यांनीच शिकवलंय आमाला, तळावर माणूस पाहिजे."

मी म्हटलं, "आवं, त्यांच्या तळावर जीव होते. पाळलेले. तुमच्या तळावर काय होतं?"

टेम्पोवाला दुसरीकडे बघायला लागला.  यजमान बाभळीपाशी गेले, दगडावर हात ठेवला, वाळलेलं गवत पायाने बाजूला केलं, दोन्ही हातांनी दगड धरला. मला वाटलं, आता उचलतील. मी पहार घेऊन पुढे झाले. त्यांनी दगड जरासा हलवला, सोडला आणि म्हणाले, "ह्यो ल्हान हाय. आबांना शोभत न्हाई. मी दुसरा बघून आणतो." आणि ओढ्याकडे चालू लागले.

"लहान नाही तो," लेक म्हणाली, पण ते ऐकू जाण्याच्या पुढे गेले होते.

आम्ही सावलीला बसलो. ओढ्यात ते वाकून वाकून दगड उलटे करताना दिसत होते. एक उचलायचे, बघायचे, ठेवायचे. कितीतरी दगड. मग दिसायचे बंद झाले. चुलत दीर बघून आला. "बसल्यात तिथं," एवढंच म्हणाला. त्याने कुत्र्यांना शीळ घातली आणि मेंढरं घेऊन वरच्या अंगाला गेला. जाताना मागे वळून म्हणाला, "वहिनी, मी हितंच हाय. हाक मारा."

नैवेद्याच्या पोळ्यांना मुंग्या लागायला लागल्या. लेकीने एक कावळ्याला टाकली, एक कुत्र्याला, एक स्वतः खाल्ली. तिची पुण्याची बस साताऱ्याहून होती, तिला निघायचं होतं. ती उठली, बाभळीच्या पलीकडे गेली, चपला काढल्या आणि अनवाणी उभी राहिली. जमीन तापलेली होती. तिने पाय बदलले नाहीत.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. "आवं ताई, ह्यो नांगर ठिवायचा का न्यायचा? मला दहिवडीत दुसरं भाडं हाय."

ते ठरवायचं माझं काम नव्हतं, पण कुणीतरी ठरवायला हवं होतं. मी म्हटलं, "ठेवा. वाटेच्या कडेला. थडग्याजवळ नको." त्याने आणि लेकीने मिळून तो ओढत नेऊन बांधाला ठेवला, साखळी वर गोळा करून. लेक त्याच टेम्पोतून दहिवडीपर्यंत गेली. वडिलांना भेटायला ओढ्यात उतरली नाही. मीही तिला तसं सांगितलं नाही.

संध्याकाळी यजमान वर आले, हात रिकामे. म्हणाले, "पुढच्या आमुश्याला बघू. चांगला दगुड मिळाया पाहिजे." मी भांडी आवरत होते.  ते रात्री चुलत दिराकडे राहिले आणि मी शेवटच्या एस.टी.ने सांगलीला निघाले. सोमवारी वसतिगृहात धान्य यायचं होतं.

नारळ, हळदकुंकू, फावडं, कॅन सगळं पिशवीत भरून परत नेलं. पहार तेवढी बाभळीला टेकवून ठेवली, दगडाशेजारी. दगड बसवायचा राहिला आहे.